कामगारांचे आरोग्य आणि मालकाची खतावणी

यंत्राला वेळच्या वेळी वंगण घातले पाहिजे, हे कोणाही कारखानदारास शिकवावे लागत नाही. वंगणाचा पैसा तो कुरकुर न करता खर्ची टाकतो. कारण यंत्र अडले तर होणारे नुकसान वंगणाच्या किमतीहून कितीतरी मोठे असते, हे त्यास ठाऊक असते. परंतु ते यंत्र चालविणाऱ्या माणसाच्या प्रकृतीसाठी काही खर्च करावा, असा प्रश्न निघाला म्हणजे तोच कारखानदार थबकतो. हा खर्च कोणत्या सदरात मांडावयाचा? धर्मादायात, की धंद्यात?

आपल्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी कित्येकांचे पालक सनतनगर, बालानगर, जीडीमेटला या भागांतील कारखान्यांत काम करतात, तर कित्येकांची थोरली भावंडे माधापूर आणि गच्चीबावली येथील काचेच्या उंच इमारतींत संगणकापुढे बसलेली असतात. अशा कचेऱ्यांत हल्ली ‘वेलनेस’ या नावाखाली नाना उपक्रम चालतात. कोठे योगासनांचा वर्ग, कोठे व्यायामशाळा, कोठे रक्तदाबाची तपासणी, तर कोठे दिवसाकाठी कोण किती पावले चालला याची शर्यत. मालक हे सारे कशासाठी करतो आणि त्यातून त्याच्या पदरात खरोखर काय पडते, हे पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम गैरहजेरीचा हिशेब पाहू. समजा, एका गिरणीत शंभर माणसे कामाला आहेत आणि त्यांतील वीस रोज आजारपणाने वा अन्य कारणाने येत नाहीत. न आलेल्यांची मजुरी वाचली, असे वरवर पाहणारास वाटेल. परंतु माग तर बंद ठेवता येत नाही. मग दारावर उभे असलेले बदली कामगार आत घ्यावे लागतात. बदली कामगारास त्या यंत्राची खोड ठाऊक नसते. त्याच्या हातून धागा अधिक तुटतो, कापड अधिक बिघडते, क्वचित बोटही सापडते. शिवाय जुना कामगार कंटाळून सोडून गेला, की नव्यास शिकविण्यात जाणारे आठवडे निराळेच. हा खर्च कोणत्याही वहीत ‘गैरहजेरीचा खर्च’ म्हणून लिहिलेला सापडत नाही. तो बिघडलेल्या कापडात, लांबलेल्या मुदतीत आणि परत आलेल्या मालात दडलेला असतो.

हा दडलेला खर्च आपल्या देशात फार लवकर ओळखणाऱ्यांत जमशेटजी टाटा यांचे नाव घ्यावे लागते, आणि ती हकीकत आपल्या मराठी मुलखातील आहे. नागपूर येथे त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीस ते नाव. गिरणी सुरू तर झाली, परंतु कामगार टिकेनात. दहांतील दोन माणसे गैरहजर असणे ही नित्याची गोष्ट होऊन बसली. शेतीवाडीच्या धीम्या चालीने वाढलेल्या माणसांना भोंग्याच्या तालावर जगणे मानवत नव्हते. दुसरा एखादा मालक असता तर त्याने दंड बसविला असता आणि मुकादमाच्या हाती अधिक अधिकार दिले असते. जमशेटजींनी निराळी वाट धरली. कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी काढला, जायबंदी झालेल्यांच्या औषधपाण्याची व्यवस्था लावली, खेळांचे व कुटुंबमेळ्याचे दिवस ठरविले आणि त्या दिवशी घड्याळे, सोन्याच्या साखळ्या, कापडाचे तागे अशी बक्षिसे वाटली. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ पासून कामावर अपघात झालेल्यास भरपाई मिळू लागली. अपघाताच्या भरपाईचा कायदा सरकारने केला तो १९२३ साली, म्हणजे त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा तर १९५२ चा.

याच गिरणीत त्यांनी हवेत ओलावा राखणारी यंत्रे आणि आग विझविणारे फवारे बसविले. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना तेथील कोरड्या हवेविषयी काही सांगावयास नको. मात्र येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ओलावा राखणारी यंत्रे केवळ माणसांसाठी होती असे मानण्याचे कारण नाही. कोरड्या हवेत सूत पटापट तुटते, ओलसर हवेत ते टिकते. म्हणजे ती सोय सुताची, आणि सूत सांधणाऱ्या माणसाचे काम हलके झाले तेही त्यातूनच. गिरणीची भरभराट केवळ कामगारांच्या सोयींमुळे झाली असे म्हणणेही धाडसाचे ठरेल; नव्या धर्तीच्या चात्यांचा प्रयोगही तेथे १८८३ मध्येच झाला होता. एवढे मात्र खरे, की या माणसाने उदारपणा आणि हिशेब यांची दोन निरनिराळी खाती केली नाहीत. पुढे ही गिरणी शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. १९८६ साली ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली.

जमशेटजींचा हा विचार आम्हांस काही अगदी अनोळखी वाटत नाही. आमच्या कोकणी मुलखात नांगरणी-लावणीच्या दिवसांत शेतात राबणाऱ्यांना सकाळी दहाच्या सुमारास पेज देण्याची रीत होती. सोबत एखादी लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. शेताचे मालक मोठे दानशूर होते असे नव्हे. पैशापैशाचा हिशेब ठेवणारी ती माणसे. परंतु पेज न देता दुपारपर्यंत चिखलात उभ्या केलेल्या माणसाचा हात अकरा वाजता मंदावतो, हे त्यांना कोणत्याही पुस्तकावाचून कळत होते.

कामाच्या तासांचेही तसेच आहे. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली होती. त्यानंतर एकाच वर्षाने, १९१२ साली, जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू झाला. आठ तासांत काम पुरे कसे पडणार, ही शंका कोणासही येईल. तिचे उत्तर जर्मनीतील येना गावी आधीच मिळाले होते. तेथे सूक्ष्मदर्शक यंत्रे आणि भिंगे करणाऱ्या झाइस कारखान्याचे प्रमुख अर्न्स्ट आबे हे स्वतः पदार्थविज्ञानाचे पंडित. त्यांनी १९०० साली कामाचे नऊ तास आठांवर आणले आणि उक्त्या कामावरील माणसांचे आकडे वर्षभर टिपून ठेवले. आठ तासांत निघालेले काम पूर्वीच्या नऊ तासांतील कामापेक्षा कमी तर भरले नाहीच, उलट किंचित जास्तच भरले. थकलेल्या माणसाचा शेवटचा तास हा पुष्कळदा केवळ घड्याळातला तास असतो.

आता आपण नागपूर आणि येना सोडून आपल्याच शहरात येऊ. बेगमपेठच्या जुन्या विमानतळाजवळ एक लहानशी जुनी इमारत आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी तेथे रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. या शोधाची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांत येते. ज्या रोग्याने डास चावून घेण्याचे कबूल केले त्यास डासागणिक एक आणा मिळाला, ही गंमतही पुष्कळांनी ऐकली असेल. परंतु या शोधाचा धंद्याच्या हिशेबाशी काय संबंध आला, ते सहसा सांगितले जात नाही.

सुवेझ कालव्याच्या काठी इस्माइलिया नावाचे गाव आहे. कालव्याच्या कंपनीचे नोकरचाकर तेथे राहात आणि दरवर्षी हिवतापाने अंथरूण धरीत. १९०२ साली कंपनीने रॉस यांना तेथे बोलाविले. त्यांनी डबकी बुजवावयास, पाटांना उतार द्यावयास आणि उरल्यासुरल्या साचलेल्या पाण्यावर तेल सोडावयास सांगितले. त्या वर्षी गावात हिवतापाचे दीड हजारांवर रोगी नोंदले गेले होते. १९०५ साली ही संख्या चाळिसांच्याही खाली आली. कंपनीने आपल्या नोकरांना आरोग्यावर व्याख्याने दिली नाहीत, की हिवताप न झालेल्यास बक्षीस लावले नाही. तिने पाणी हटविले. या लेखाचा पुढील सारा भाग या एका भेदावर उभा आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

हाच भेद अगदी अलीकडच्या एका उदाहरणात फार सुंदर रीतीने दिसतो. आसामातील चहाच्या मळ्यांत २०१७ साली एक प्रयोग झाला. चहाची पाने खुडण्याचे काम नजरेचे आहे. कोवळी दोन पाने आणि कळी तेवढी निवडून घ्यावयाची असते. चाळिशी उलटली म्हणजे जवळचे दिसेनासे होते. आपल्या घरी आई सुईत दोरा ओवावयास आपणांस हाक मारते, त्याचे कारण हेच. प्रयोगासाठी चाळीस वर्षांवरील ७५१ कामगार घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एका गटास चष्मे आरंभीच दिले, दुसऱ्यास प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची रोजची खुडणी सरासरी २५ किलोंवरून ३४.८ किलोंवर गेली. न मिळालेल्यांचीही त्या काळात साडेचार किलोंच्या आसपास वाढली होती. ती वजा जाता चष्म्याच्या वाट्यास सव्वापाच किलो येतात, म्हणजे शेकडा एकवीसहून अधिक. पन्नाशी ओलांडलेल्यांत ही वाढ आणखी मोठी होती. साध्या चष्म्याची किंमत ती काय! आणि तरीही वर्षानुवर्षे ‘आता ही बाई म्हातारी झाली, हात चालत नाही’ असेच म्हटले जात असणार. हात चालत होता. डोळा पाहात नव्हता.

बंगळूरच्या शिवणकामाच्या कारखान्यांतील गोष्टही अशीच. तेथे विजेचा खर्च वाचावा म्हणून जुन्या नळीदिव्यांच्या जागी एलईडी दिवे बसविले. हे दिवे कमी तापतात, त्यामुळे शिवणाऱ्यांच्या डोक्यावरची उष्णता उतरली. एरव्ही कडक उन्हाच्या दिवसांत शिलाईचे काम घटत असे. नव्या दिव्यांखाली ती घट पुष्कळशी भरून निघाल्याचे संशोधकांना आढळले. वाचलेली वीज आणि वाढलेले काम दोन्ही हिशेबात धरली, तेव्हा दिव्यांची किंमत वसूल होण्यास लागणारा काळ नुसत्या विजेच्या हिशेबाने निघणाऱ्या काळाच्या सहाव्या हिश्श्यावर आला. मालकाने कामगारांच्या सुखासाठी काही केले नव्हते. सुख त्यांच्याकडे विजेच्या बिलातून चालत आले!

मग आरंभी सांगितलेल्या योगवर्गांचे आणि पावलांच्या शर्यतींचे काय? त्यांचा हिशेब अमेरिकेत झाला आहे, कारण हे उपक्रम तेथेच प्रथम फोफावले. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठातील तिघा अर्थशास्त्रज्ञांनी त्यापूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र करून एक निष्कर्ष मांडला. अशा उपक्रमांवर खर्चिलेल्या प्रत्येक डॉलरमागे औषधपाण्याचा खर्च सुमारे सव्वातीन डॉलरने आणि गैरहजेरीचा खर्च सुमारे पावणेतीन डॉलरने कमी होतो, असा तो निष्कर्ष होता. एका डॉलरचे सहा डॉलर! असा नफा कोणास नको? साहजिकच हा आकडा पुष्कळांच्या तोंडी झाला.

परंतु पुढे अधिक काटेकोर परीक्षा झाल्या. इलिनॉय विद्यापीठाने २०१६ साली आपल्या सुमारे पाच हजार नोकरांत चिठ्ठ्यांच्या पद्धतीने गट पाडून उपक्रम चालविला. नंतर वरच्या तिघा अर्थशास्त्रज्ञांपैकीच दोघांनी एका मोठ्या दुकानसंस्थेच्या १६० शाखांतील सुमारे ३३,००० नोकरांची पाहणी केली आणि ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. उपक्रम मिळालेले नोकर ‘आम्ही अधिक व्यायाम करतो’ असे सांगत होते, हे खरे. परंतु दीड वर्षानंतर वजन, रक्तदाब, औषधपाण्याचा खर्च किंवा गैरहजेरी, यांत उपक्रम मिळालेल्या व न मिळालेल्या शाखांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आपल्याच पूर्वीच्या निष्कर्षाला छेद देणारे उत्तर या दोघांनी न लपविता छापले, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.

मग पूर्वीचे आकडे एवढे मोठे कशाने दिसले? इलिनॉयच्या पाहणीत याचे उत्तर मिळते. उपक्रमात आपखुशीने नाव घालणारे लोक आधीपासूनच अधिक निरोगी होते. त्यांची तुलना नाव न घालणाऱ्यांशी केली, की उपक्रमाचा गुण दिसावयाचाच! शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. परीक्षेपूर्वी जादा तास ठेवला, तर त्यास नेमाने हजर राहणारा विद्यार्थी बहुधा तोच असतो, की ज्यास त्या तासाची फारशी गरज नसते. पुढे त्याचे गुण चांगले आले म्हणून जादा तासाचा डांगोरा पिटणे योग्य होईल काय? ज्याच्यासाठी तास ठेवला, तो मात्र घरी पाणी भरीत असतो किंवा धाकट्या भावाला सांभाळीत असतो.

कचेरीतही हेच घडते. रात्री अकरा वाजता परदेशातील गिऱ्हाईकाशी बोलणे उरकून, एक तासाचा प्रवास करून घरी पोहोचणाऱ्या मुलास सकाळी सातच्या योगवर्गाचा काय उपयोग? त्याला झोप पाहिजे असते, आणि झोप व्यायामशाळेत मिळत नाही, ती कामाच्या वेळापत्रकात असते. योगासने वाईट असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु डबके तसेच ठेवून डासांविषयी व्याख्यान देण्यासारखा हा प्रकार आहे. पाठदुखीवर भाषण ठेवण्यापेक्षा खुर्ची बदलणे, मनःशांतीवर पत्रक वाटण्यापेक्षा दोन माणसांचे काम तिघांत विभागणे, हे मालकास महाग वाटते. पण नागपूर, येना, इस्माइलिया आणि आसाम येथे पैसा वसूल झाला तो अशाच खर्चातून.

येथपर्यंत आम्ही मालकाच्या लाभाची बाजू मांडली. परंतु मालकाची खतावणी सर्वत्र पुरी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. कापूस पिंजण्याच्या खात्यात वर्षानुवर्षे कस्पटे हुंगून छातीचा एक विकार जडतो. आरंभी तो आठवड्याच्या सुटीनंतर, कामाच्या पहिल्या दिवशी छाती जखडून येण्यापुरता असतो. पुढे दम कायमचा लागतो. हा विकार उघड होण्यास दहा-वीस वर्षे लागतात. तोवर कामगाराने गिरणी बदललेली असते, किंवा गिरणीच बंद झालेली असते. दगड फोडणाऱ्यांच्या फुप्फुसांत साचणाऱ्या धुळीचे तेच. जो मालक आज धूळ उडवितो त्याच्या वहीत त्या धुळीची किंमत कधीच येत नाही. मग त्याने लाभासाठी धूळ आवरावी, ही अपेक्षा फोल ठरते.

म्हणून कायदा आला. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रथमोपचाराची पेटी, अडीचशेहून अधिक कामगार असल्यास उपाहारगृह, अधिक स्त्रिया कामाला असल्यास पाळणाघर अशा गोष्टी मालकाच्या मर्जीतून काढून त्याच्या कर्तव्यात घातल्या. त्याच वर्षी कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेस आरंभ झाला. आपल्याकडे सनतनगरचे मोठे रुग्णालय याच विम्याचे. त्याची रचना सोपी आहे. १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या दराने मालक मजुरीच्या शेकडा ३.२५ आणि कामगार शेकडा ०.७५ भरतो. बारा हजार रुपये पगार असेल तर महिन्यास मालकाचे ३९० आणि कामगाराचे ९० रुपये होतात. त्या बदल्यात कुटुंबास उपचार मिळतात आणि आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या शेकडा सत्तर इतकी रक्कम मिळू शकते. येथे एका मालकाने भरलेला पैसा दुसऱ्या मालकाकडील कामगाराच्याही कामी येतो. कामगार गिरणी बदलो की न बदलो, वही सर्वांची एकच असते.

परंतु या वहीतही ज्यांचे नाव चढणे अवघड, असे लोक आपण रोज पाहतो. सकाळी शाळेत येताना शहरातील कितीतरी नाक्यांवर माणसांची गर्दी असते. हैदराबादेत त्या जागांना ‘अड्डा’ म्हणतात. थापी, घमेले, रंगाचा ब्रश घेऊन बायाबापडे उभे असतात. कोणी ठेकेदार येतो, चौघांना गाडीत घालतो आणि संध्याकाळी मजुरी देऊन मोकळा होतो. उद्याचा मालक निराळा. त्याने आजच्या गवंड्यास चष्मा का द्यावा? वाढलेले काम उद्या दुसऱ्याच्याच भिंतीवर दिसणार! कामगाराच्या प्रकृतीत मालकाचा लाभ असतो तो कामगार टिकतो तेव्हाच, आणि येथे तर एक दिवसापलीकडे कोणी कोणाचे नाही.

ही अडचण ओळखून १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी निराळा कायदा करण्यात आला. मालक रोज बदलतो, तर इमारतीलाच मालक धरावे, अशी त्याची युक्ती. बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक ते दोन इतका उपकर बसवून तो राज्याच्या मंडळाकडे जमा करावयाचा आणि त्यातून मजुरांच्या आजारपणाची, अपघाताची, बाळंतपणाची सोय करावयाची, असे ठरले. लाभ मिळण्यासाठी मजुराचे वय अठरा ते साठ असावे, आणि मागील बारा महिन्यांत त्याने निदान नव्वद दिवस बांधकामावर काम केलेले असावे, अशी अट त्यात होती. कचेरीतील माणसाला हजेरीपट आपोआप मिळतो. अड्ड्यावरच्या माणसाला हे नव्वद दिवस, ज्यांची नावेही त्यास धड ठाऊक नसतात अशा पंधरा-वीस ठेकेदारांमागे हिंडून एकेक करून गोळा करावे लागतात, आणि ज्या दिवशी तो त्यासाठी हिंडतो त्या दिवसाची मजुरी बुडते.